जर्सीची गाय आणि माझी नात

आमच्या गावाकडे 'जर्सी' म्हटलं की माणसांच्या डोळ्यांसमोर गाय उभी राहते. सुट्टीत गेलो की शेजारचे तात्या हमखास विचारायचे, "काय मग, तुमची जर्सी दूध किती देते?" मी हसून सोडून द्यायचो. पण थट्टेत तथ्य होतं. त्या गाईने आणि आपल्या राज्याने नाव एकाच बेटावरून घेतलंय. इंग्लिश खाडीतलं जर्सी बेट हे त्या गाईंचं माहेर. आणि १६६४ साली हा मुलूख ज्या दोघांना मिळाला, त्यांतले सर जॉर्ज कार्टरेट त्याच बेटावरचे.

गेल्या वसुबारसेला मी जर्सी सिटीत लेकीकडे होतो. भारतातून आणलेली मातीची गाय-वासराची जोडी देवापुढे मांडली होती. न्यूअर्क ॲव्हेन्यूवरून आणलेल्या गवारीची भाजी आणि बाजरीची भाकरी ताटात होती. जेवता जेवता नात म्हणाली, "आजोबा, मला कॉलेजात ॲनिमल सायन्स घ्यायचंय. पुढे व्हेट व्हायचंय."

जावई म्हणाले, "आधी नीट विचार कर." लेक काहीच बोलली नाही. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ आम्हा दोघांनाच ठाऊक होता.

मी परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा विद्यार्थी. हे कॉलेज १८८६ सालचं; शेजारीच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय. मेडिकलचा प्रवेश थोडक्यात हुकला म्हणून मी तिथे गेलो. वडील पाहुण्यांना सांगत, "पोरगा मुंबईला डॉक्टरी शिकतोय." कसली, ते सांगत नसत. गावात त्यासाठी 'ढोरडॉक्टर' असा शब्द होता, आणि तो कौतुकाने उच्चारला जात नसे. पुढे अमेरिकेत येऊन पशुआहारशास्त्रात पीएच.डी. केली, प्राध्यापक झालो. नावामागे 'डॉक्टर' लागलं आणि मग कुणी खोलात विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

१९९६ साली माझी लेक सतरा वर्षांची होती. तिनेही हेच मागितलं होतं. मी म्हणालो, "एवढे कष्ट करून इथे आलो ते तू गोठ्यात जावंस म्हणून नाही." ती अकाउंटंट झाली, उत्तम झाली, त्याबद्दल तिने मला कधी बोल लावला नाही. पण त्या वाक्यात तिची काळजी कमी आणि माझी लाज जास्त होती, हे कबूल करायला मला जवळजवळ तीस वर्षं लागली.

लाज वाटावी असं या शिक्षणात काही नाही. अवघड मात्र पुष्कळ आहे. माणसांच्या डॉक्टरला एकच शरीर शिकायचं असतं. आम्हाला गाय, घोडा, कुत्रा, शेळी, डुक्कर, कोंबडी. गाईच्या पोटाला चार कप्पे, ती रवंथ करणार. घोड्याला साधी उलटी करता येत नाही, म्हणून त्याची पोटदुखी जिवावर बेतते. माणूस डोकेदुखीवर सर्रास घेतो ते ॲसिटामिनोफेन मांजराला मारू शकतं. 'प्राणी आवडतात' एवढ्या भांडवलावर हे निभत नाही. रसायनशास्त्र लागतं, गणित लागतं, आणि मरण जवळून पाहायची तयारी लागते.

शिवाय रोगी बोलत नाही. १९७२ च्या दुष्काळात आम्हा विद्यार्थ्यांना गुरांच्या एका छावणीवर नेलं होतं. एक आजीबाई बैल घेऊन आल्या. मी पुस्तकात होतं तसं ताप पाहिला, नाडी पाहिली, पोट तपासलं. काही सापडेना. आजी म्हणाल्या, "लेकरा, त्याला काय इचारतोस? मला इचार की." त्यांनी सांगितलं, तीन दिवस बैल पाण्यावर जातो, तोंड लावतो आणि मागे सरतो. तोंड उघडून पाहिलं तर दाढेमागे काटा रुतलेला. सरांनी वहीत लिहून घ्यायला लावलं: आधी मालकाचं ऐका. पुढे माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्या तासाला हेच सांगत आलो.

आता आपल्या दिवाणखान्यातला नेहमीचा प्रश्न: "माणसांचीच डॉक्टर का होत नाही?" या दोन वाटा वेगळ्या नाहीतच. अमेरिकेतली पहिली डी.व्ही.एम. पदवी १८७६ साली कॉर्नेलने डॅनियल सामन यांना दिली. ते आपल्याच न्यू जर्सीतल्या माउंट ऑलिव्हचे. कच्च्या अंड्यातून होणाऱ्या त्रासाबद्दल आपण ज्या 'साल्मोनेला'चं नाव ऐकतो, ते त्यांच्यावरून पडलं. त्यांच्याच खात्यात थिओबाल्ड स्मिथ आणि पशुवैद्य फ्रेड किलबोर्न यांनी १८९३ साली दाखवून दिलं की गुरांचा टेक्सास ताप गोचिडीमार्फत पसरतो. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले ते त्यानंतर चार वर्षांनी. आणि खेडोपाडी गोठेच्या गोठे रिकामे करणारी बुळकांडी २०११ साली जगातून हद्दपार झाली. देवीनंतर माणसाने पुरता संपवलेला हा दुसरा रोग, आणि तो गुरांचा.

ज्यांच्या घरी हा विषय निघेल त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. महाराष्ट्रात बारावीनंतर 'नीट' देऊन थेट प्रवेश होतो. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. ही कॉलेजं आता नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आहेत. इथे आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षांचं डी.व्ही.एम., आणि परवान्याची परीक्षा. भारतातली पदवी घेऊन आलेल्याला वेगळ्या पात्रता परीक्षा द्याव्या लागतात. नुसत्या ॲनिमल सायन्सने कुणी व्हेट होत नाही, पण पशुआहार, अन्नसुरक्षा, औषधसंशोधन अशी दारं त्यानेही उघडतात. न्यू जर्सीत व्हेटरिनरी कॉलेजच नव्हतं. मुलं पेनसिल्व्हेनियाला किंवा कॉर्नेलला जात. २०२५ मध्ये दक्षिण जर्सीत रोवन विद्यापीठात पहिली तुकडी सुरू झाली आहे. कर्ज सहा आकडी होणं नवलाचं नाही आणि पगार माणसांच्या डॉक्टरांएवढा नसतो. जावयांची काळजी याबद्दल होती, आणि ती रास्त होती. तिच्यावर कागद-पेन्सिल घेऊन बोलता येतं. 'लोक काय म्हणतील' यावर तसं बोलता येत नाही, म्हणून ते या हिशेबात धरू नये.

एप्रिलमध्ये आम्ही तिघं पाथने न्यूअर्कला आणि तिथून रेल्वेने न्यू ब्रन्सविकला गेलो. रटगर्सच्या कुक कॅम्पसवर शेत आहे, गोठे आहेत. त्या दिवशी विद्यार्थी आपापली जनावरं दाखवायला आणतात. नात एका मुलीला शेळीच्या खुरांबद्दल विचारत बराच वेळ उभी होती. चिखलाने तिचे बूट भरले होते.

लेक माझ्याशेजारी कुंपणाला टेकून उभी होती. मी म्हटलं, "तेव्हा माझं चुकलं." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाबा, तिचा अर्ज तुम्ही वाचून द्या. केमिस्ट्रीतलं मला काही कळत नाही."

अर्ज आता माझ्या टेबलावर आहे. दोन ठिकाणी स्पेलिंग चुकलंय. बाकी ठीक आहे.