मोठें मांजर घरीं आणतांना



मांजर पाळावयाचें म्हटलें, कीं आपल्या डोळ्यांपुढें दोन महिन्यांचें पिलूं उभें राहतें. प्राण्यांच्या आश्रयगृहांतही हेंच घडतें. पिलें लवकर घरोघर जातात. तीन-चार वर्षांचें खेळकर मांजर मात्र पिंजऱ्यांतून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहत मागें राहतें. आज त्याची बाजू आपणांपुढें मांडावयाची आहे.

मुंबईंत मुक्या जिवांच्या शुश्रूषेची परंपरा जुनी आहे. प्राण्यांवरील क्रौर्यास आळा घालणारी संस्था येथें १८७४ सालीं निघाली, आणि १८८३ सालीं परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालयाची स्थापना झाली. परंतु रुग्णालय जखम बरी करील. बऱ्या झालेल्या जिवाला घर देणें हें गृहस्थांचेंच काम.

पिलूं पुढें कोणत्या स्वभावाचें निघेल, हें आधीं सांगतां येत नाहीं. माणसाची ओळख मनांत ठसण्याचा मुख्य काळ दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंतचा. पिलूं आपल्या घरीं येतें तेव्हां तो बहुधा उलटून गेलेला असतो. मोठ्या मांजराचा स्वभाव मात्र तयार झालेला असतो. तें उचलून घेऊं देतें काय, मुलांना भितें काय, दुसऱ्या मांजराशीं त्याचें पटतें काय, हें त्याची देखभाल करणाऱ्यांस अवश्य विचारावें.

तरीही तें घरीं आल्यावर पहिले कांहीं दिवस दडून बसेल. तेवढ्यावरून निराश होऊं नये. नेदरलंडमधील एका आश्रयगृहांत नव्यानें आलेल्या मांजरांपैकीं कांहींना लपावयास खोकीं दिलीं. तीं इतरांपेक्षां लवकर स्थिरावलीं, असें २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसून आलें. आपणही एका खोलींत खोकें, पाणी, अन्न आणि अन्नापासून दूर वाळूचें तबक ठेवावें. त्याला ओढून बाहेर काढूं नये. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनीं खिडक्यांना जाळी आधींच बसवून घ्यावी.

आतां खेळाविषयीं. मांजराचा खेळ म्हणजे शिकारीचाच अभ्यास : दबा, झेप आणि पकड. म्हणून काठीला दोरी व दोरीला चिंधी बांधून ती उंदरासारखी दूर पळवावी. भुकेलें मांजर अधिक हिरीरीनें खेळतें. यास्तव जेवणापूर्वीं खेळवावें, शेवटीं शिकार त्याच्या पंजांत पडूं द्यावी आणि मग ताटली पुढें करावी. हाताचीं बोटें नाचवून कधींही खेळवूं नये, नाहीं तर ओरबाडण्याची संवय आपणच लावूं. खेळ संपतांच दोरी कपाटांत ठेवावी. गिळलेला दोरा आंतड्यांत अडकून जिवावर बेततो.

हें सारें रोज करावें लागतें, पाहुण्यांपुढें कौतुकापुरतें नव्हे. सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटें देणें ज्यांना शक्य नाहीं, त्यांनीं खेळकर मांजर आणूंच नये. आश्रयगृहांतील कित्येक मांजरें पूर्वीं कोणाच्या तरी घरचीं असतात. त्यांना परत पाठविणें म्हणजे दुसऱ्यांदा बेघर करणें. उपाशी-तहानेलें राहील अशा स्थितींत प्राण्याला सोडून देणें तर १९६० च्या कायद्यान्वयें गुन्हाच आहे.

धीर धरावा. एके संध्याकाळीं आपण काठी हलवीत असतां खोक्यांतून एक पंजा हळूच बाहेर येईल. त्या दिवसापासून तें घर त्याचें झालें, असें समजावें.