चहा आंबतो म्हणजे काय?

चेन्नईतील उपाहारगृहात सकाळी इडली आणि चहा पुष्कळदा एकाच मेजावर येतात. (मान कॉफीचा मोठा, हे खरे, पण चहाही तेथे कमी खपत नाही.) इडलीचे पीठ रात्रभर आंबलेले असते. चहासुद्धा 'आंबवलेला' असतो, असे नीलगिरीच्या मळ्यांवरील कारखान्यांत सांगतात. परंतु या दोन क्रियांत नावापलीकडे साम्य नाही.

इडलीच्या पिठात सूक्ष्मजंतू वाढतात. ते आम्ल निर्माण करतात, वायू सोडतात, म्हणून पीठ फुगते. नीलगिरीच्या कारखान्यात मात्र पाने कोमेजवून चुरडली जातात. पेशी फुटल्या की पानातीलच एंझाइमांची हवेतील ऑक्सिजनाशी गाठ पडते व काही तासांत हिरवे पान तांबूस होते. कापलेले सफरचंद काळवंडते, तसाच हा प्रकार. यात सूक्ष्मजंतूंचे काम जवळजवळ नाही. हे ऑक्सिडीभवन होय. 'आंबवणे' हा शब्द केवळ रूढीने चिकटला आहे.

मग खरोखर आंबलेला चहा असतो का? असतो, आणि तो चीनमध्ये. आपण ज्याला काळा चहा म्हणतो त्याला चिनी लोक 'तांबडा चहा' म्हणतात. 'काळा चहा' हे नाव त्यांनी या आंबलेल्या प्रकारासाठी राखून ठेवले आहे. युन्नान प्रांतातील पू-अर चहा याच जातकुळीतला. तो ज्या झाडाचा होतो, त्या वाणाला आपण आसामी म्हणतो. तेथे ताजे पान प्रथम तापलेल्या कढईत परततात. त्यामुळे एंझाइमांचा जोर बहुतांशी मोडतो. मग पाने उन्हात वाळवून, वाफ देऊन चकत्यांत दाबतात. पुढचे काम कवके व जंतू करतात, आणि त्याला वर्षे लागतात.

चकत्या करण्याचे कारण वाहतूक हे होते. तिबेटी लोकांना चहा हवा होता, चिनी राज्यकर्त्यांना घोडे. १०७४ साली सुंग राजवटीने या देवघेवीसाठी सरकारी कचेरीच उघडली. डोंगरवाटांनी खेचरांच्या पाठीवरून महिनोन्महिने जाणारा चहा पावसापाण्याने वाटेतच आंबे, असे सांगतात.

पुढे हाँगकाँगच्या दमट गोदामांत जुन्या चहाला मागणी वाढली, आणि वर्षानुवर्षे थांबणे व्यापाऱ्यांना परवडेना. १९७३ च्या सुमारास कुनमिंगच्या कारखान्यात नवी युक्ती निघाली. ओलसर पानांचे मोठे ढीग रचून ते झाकतात. ढिगात उष्णता वाढते, ॲस्परजिलस नायजर नावाचे कवक माजते, आणि वर्षांचे काम सुमारे दीड-दोन महिन्यांत उरकते. ढीग वेळोवेळी उलथावा लागतो. तो फार तापला तर माल वाया जातो. जुन्या पद्धतीचे रसिक अद्यापि या चहाला दुय्यम मानतात. हे सर्वस्वी न्याय्य नाही, कारण दोन्ही ठिकाणी काम करणारे सूक्ष्मजीवच असतात. मात्र सावकाश मुरलेल्या चहाची चव निराळी लागते, हेही नाकारता येत नाही.

एकोणिसाव्या शतकात चीनहून आणलेले बी नीलगिरीत रुजले. ही आंबवण्याची विद्या मात्र त्याबरोबर आली नाही. चीनमध्ये ती घराण्यांतून व कारखान्यांतून टिकली. २०२२ साली चीनमधील पारंपरिक चहानिर्मितीच्या कौशल्यांना युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. पुढच्याच वर्षी युन्नानमधील जिंगमाय पर्वतावरील जुनी चहावने जागतिक वारसास्थळ ठरली. तेथे चहाची झाडे मळ्यासारखी छाटून ओळीत लावलेली नाहीत. मोठ्या वृक्षांच्या सावलीत ती उंच वाढतात, आणि ब्लांग व दाई जमातींचे लोक त्यांची पाने खुडतात.