पद्मिनीचा कार्बोरेटर : अडकलेला फ्लोट

गेल्या भागात आपण पेट्रोल पंपापाशी थांबलो होतो. पंपाने चढवलेलं पेट्रोल पुढे कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये येतं आणि कुर्ल्यात घडलेल्या प्रीमियर पद्मिनीची बरीच दुखणी इथेच दडलेली असतात.

चेंबर भरत आला की फ्लोट वर उचलला जातो, नीडलला रेटतो आणि पेट्रोलची वाट बंद होते. पातळी उतरली की वाट पुन्हा उघडते. नीडल बंद असतानाच चिकटली, तर चेंबर कोरडा पडतो. महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीत हे हमखास होतं, कारण पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट, पिवळट थर उरतो. वाट उघडीच राहिली तर मात्र पेट्रोल ओसंडतं, सायलेन्सरमधून काळा धूर येतो आणि गरम इंजिन पुन्हा सुरू होता होत नाही. पेट्रोल ठिबकताना दिसलं की आधी इंजिन बंद करा. पद्मिनीचा पंप इंजिनावरच चालतो, तोही थांबेल.

रस्त्यात गाडी अडली की मेकॅनिक स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चेंबरवर हलके ठोके देतो. त्याने गाडी सुरळीत चालली, तर नीडलपाशी कचरा किंवा चिकटा होता असं समजा आणि घरी पोचल्यावर झाकण उघडाच. बरेच जण इथेच टाळाटाळ करतात आणि पुढच्या घाटात पुन्हा अडकतात.

इंजिन थंड होऊ द्या, बॅटरीची वायर काढा, मग झाकण खोला. पितळी फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल डुचमळलं तर त्याला भोक पडलंय. गरम पाण्यात बुडवला की त्या जागेवरून बुडबुडे निघतात. आतलं पेट्रोल पूर्ण निघून गेल्याशिवाय त्याला आच लावू नका, स्फोट होईल. सोल्डरही अगदी थेंबभरच हवं, कारण फ्लोट जड झाला की पेट्रोलची पातळी चढते. फ्लोटच्या कडेला घासून चकाकणारी रेघ दिसली, तर तो चेंबरच्या भिंतीला अडतोय.

आता नीडल. तिचं निमुळतं टोक भिंगाखाली धरा. भोवती बारीक खाच पडली असेल तर घासत बसू नका, ती जिथे टेकते त्या सीटसकट जोडीच बदला. झाकण उलटं धरून, नीडल बोटाने हलकेच दाबून, पेट्रोलच्या नळीतून फुंकर घाला. हवा अजिबात जाता कामा नये.

२०% इथेनॉलच्या पेट्रोलमुळे हे काम जास्त वेळा करावं लागणार. इथेनॉल ओलावा धरतं, चेंबरमध्ये गंज चढतो आणि जुन्या रबरी नळ्यांचे कण सुटून थेट नीडलखाली येऊन बसतात. म्हणून नळ्या बदला आणि पंपापुढे बारीक फिल्टर बसवा.

बहुतेक पद्मिनींवर असलेल्या सोलेक्स कार्बोरेटरमध्ये पातळी ठरते ती नीडलच्या सीटखालच्या वॉशरवर. जाड वॉशरने पातळी उतरते, पातळ वॉशरने चढते. जुना वॉशर फेकण्याआधी त्याची जाडी मोजून लिहून ठेवा.