साडेसातची मोटार : हॉर्सपॉवर की किलोवॉट?

विहिरीवर बसवायची मोटार घ्यायला आपण दुकानात जातो आणि "साडेसातची द्या" असे सांगतो. दुकानदार जाणता असला तर लगेच विचारतो, "साडेसात हॉर्सपॉवर की साडेसात किलोवॉट?" पुष्कळांना हा प्रश्न उगाच वाटतो. पण दोहोंत बरेच अंतर आहे. साडेसात हॉर्सपॉवर म्हणजे ५.५ किलोवॉट आणि साडेसात किलोवॉट म्हणजे चक्क १० हॉर्सपॉवर! चुकीची मोटार घरी आली तर जुना स्टार्टर, केबल आणि पंप यांचा तिच्याशी मेळ बसत नाही. म्हणून हा हिशेब एकदा नीट समजून घेऊ.

शक्ती म्हणजे काय?

हौद मोटेने भरला काय आणि पंपाने भरला काय, काम तेवढेच. पण मोटेला दिवस लागतो, पंपाला तास. ठराविक वेळात किती काम होते, ते शक्ती सांगते. जेम्स वॉट (१७३६-१८१९) या स्कॉटिश यंत्रज्ञाने आपल्या वाफेच्या यंत्राची तुलना घोड्याशी केली आणि तेव्हापासून 'हॉर्सपॉवर' अथवा 'अश्वशक्ती' हे माप रूढ झाले. पुढे त्याचेच नाव 'वॉट' या मेट्रिक मापाला मिळाले.

ब्रिटिश हॉर्सपॉवर ७४६ वॉटचा. मेट्रिक हॉर्सपॉवर, म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्याची शक्ती, ७३५.५ वॉटचा. फरक दीड टक्क्याहून कमी. शेतीच्या कामात तो मनावर घेऊ नये. दिवसभर काम करणारा माणूस सुमारे ७५ वॉट शक्ती देतो आणि बैलजोडी साधारण एक हॉर्सपॉवर. म्हणजे बैलजोडी दहा माणसांच्या बरोबरीची, हे आपल्या वाडवडिलांना हिशेबाशिवायच ठाऊक होते!

हिशेब कसा करावा?

१,००० वॉट म्हणजे १ किलोवॉट आणि १,००० किलोवॉट म्हणजे १ मेगावॉट. कारवारजवळच्या कैगा वीजकेंद्रातील एकेक संच २२० मेगावॉटचा, म्हणजे २,२०,००० किलोवॉटचा आहे.

हॉर्सपॉवरचे किलोवॉट करायला पाऊणपट करावी. ज्यांना पाऊणकी पाठ आहे त्यांना कागद-पेन्सिल नको. उलट, किलोवॉटचे हॉर्सपॉवर करायला त्यात त्याचाच तिसरा हिस्सा मिळवावा. मोटारीच्या पाटीवर आकडे थोडे जुळवून लिहिलेले असतात, ते असे :

१ हॉर्सपॉवर – ०.७५ किलोवॉट
३ हॉर्सपॉवर – २.२ किलोवॉट
५ हॉर्सपॉवर – ३.७ किलोवॉट
७.५ हॉर्सपॉवर – ५.५ किलोवॉट
१० हॉर्सपॉवर – ७.५ किलोवॉट

कर्नाटकात १० हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज मिळते. ही मर्यादा हॉर्सपॉवरची आहे, किलोवॉटची नव्हे. १० किलोवॉटची मोटार सुमारे साडेतेरा हॉर्सपॉवरची होते आणि मर्यादेबाहेर जाते, हे बेळगाव भागातील बांधवांनी विशेष ध्यानात ठेवावे.

वीज किती लागेल?

पाटीवरचा आकडा मोटार पंपाला किती शक्ती देते ते सांगतो. ती तारेतून ओढते त्याहून जास्त, कारण काही शक्ती उष्णतेत वाया जाते. ५ हॉर्सपॉवरची मोटार शंभरातली ८० शक्ती कामी आणत असेल, तर ३.७ किलोवॉटसाठी ती सुमारे ४.६ किलोवॉट ओढते. ती चार तास चालली की साडेअठरा युनिट झाले. किलोवॉट ही शक्ती आणि युनिट म्हणजे किलोवॉट गुणिले तास. या दोहोंची गल्लत करू नये.

सौर पंप घेणाऱ्यांना आणखी एक शंका येते. ५ हॉर्सपॉवरच्या पंपाला सुमारे ४,८०० वॉटची पॅनेल का लावतात? कारण पॅनेलवरचा आकडा कडक उन्हातला असतो. सकाळ-संध्याकाळी व ढगाळ दिवशी ती तेवढी वीज देत नाहीत.

आपल्याला कितीची मोटार हवी?

दर सेकंदाला किती लिटर पाणी हवे, त्याला किती मीटर उंच चढवायचे त्याने गुणावे आणि ७५ ने भागावे. समजा, सेकंदाला १० लिटर पाणी १५ मीटर चढवायचे आहे. १० गुणिले १५ म्हणजे १५०. भागिले ७५ म्हणजे २ हॉर्सपॉवर. पण पंप अर्धीच शक्ती पाण्याला देत असेल तर ४ हॉर्सपॉवर लागतील. पाइपातील घर्षणासाठी थोडे हाताशी ठेवून ५ ची मोटार घ्यावी. पाइप फार लांब असेल तर जाणकाराकडून हिशेब करून घ्यावा.

शेजाऱ्याने दहाची घेतली म्हणून आपणही दहाची घेणे शहाणपणाचे नव्हे. झरा बारीक असेल तर मोठा पंप विहीर लवकर उपसतो आणि मग कोरडा फिरून खराब होतो. दुकानात जाण्यापूर्वी जुन्या मोटारीच्या पाटीवरचा आकडा कागदावर उतरवून घ्या आणि त्यापुढे 'हॉर्सपॉवर' की 'किलोवॉट' हेही लिहा. मोटारीला वा स्टार्टरला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा. चुकीची मोटार बदलून तरी मिळेल. गेलेला जीव परत मिळत नाही.