आजीची मांडी दुखते, पोटही फुगलंय?



आज आपण घरातल्या आजीबद्दल, सासूबाईंबद्दल बोलू. सत्तरी ओलांडलेली, अंगाने वाळलेली आजी म्हणते, "मांडी दुखते गं." आपण म्हणतो, वय झालं, वात असेल. तेल चोळून देतो. दोन दिवसांनी ती उलट्या करायला लागते, पोट फुगतं. तेव्हा आपण म्हणतो, अपचन झालं. ही दोन दुखणी एकाच आजाराची असू शकतात, हे आपल्या लक्षातच येत नाही.

या आजाराचं नाव ऑब्ट्युरेटर हर्निया. हर्निया म्हटलं की जांघेत किंवा बेंबीपाशी आलेली गाठ आपल्याला आठवते. हा हर्निया मात्र खोल असतो, बाहेरून गाठ सहसा दिसत नाही. शंभर हर्नियांत एखादासुद्धा सापडत नाही, इतका तो दुर्मीळ आहे.

आपल्या कमरेच्या हाडात दोन्ही बाजूंना एकेक भोक असतं. ते पडद्याने झाकलेलं असतं. त्यात एक अरुंद वाट असते, तिच्यातून मांडीकडे जाणारी नस जाते. या वाटेत चरबीची गादी असते. म्हातारपणी अंग वाळलं की ही चरबी झिजते. बरीच बाळंतपणं झाली असतील तर ओटीपोटाचे स्नायूही सैल पडलेले असतात. मग आतडं त्या वाटेत शिरून अडकतं. म्हणून हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त होतो.

अडकलेलं आतडं नस दाबतं. त्यामुळे मांडीच्या आतल्या बाजूने गुडघ्यापर्यंत कळ येते. पाय सरळ करून बाहेर नेला की कळ वाढते, गुडघा पोटाशी घेतला की कमी होते. सगळ्याच रुग्णांत ही खूण आढळत नाही. काहींना अशी दुखणी आधीही येऊन गेलेली असतात.

साध्या एक्स-रेमध्ये आतडं अडलंय एवढं कळतं, कुठे ते बहुधा कळत नाही. सीटी स्कॅनमध्ये ती जागा दिसते. मात्र तो जांघेच्या खालपर्यंत काढावा लागतो. आधीच निदान झालं तर डॉक्टर नेमकी तयारी करून लवकर ऑपरेशन करू शकतात. उशीर झाला तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो, ते सडतं आणि जीव धोक्यात येतो.

मग आपण काय करायचं?

उलट्या होतायत, पोट फुगलंय, संडास होत नाही, वाराही सरत नाही, असं दिसलं तर एरंडेल किंवा जुलाबाचं औषध देऊ नका. पोट चोळू नका. काही खायला-प्यायला न देता १०८ ला फोन करा, मोठ्या दवाखान्यात न्या.

डॉक्टरांना पोटाबरोबर मांडीचंही दुखणं सांगा. कधीपासून, कोणत्या पायात, आधी असं झालं होतं का, बाळंतपणं किती, वजन घटलंय का, हेही सांगा. आजी स्वतःहून सांगणार नाही. तिला सवयच असते सोसायची. आपण विचारायचं, मैत्रिणींनो.