तळ्याची वही (भाग ५) : आधी पाणी लिहा, मग पाखरं

दुर्बीण कशी निवडायची ते मागच्या भागात झालं. आता वही. त्यासाठी औंधहून वडूजमार्गे येरळवाडीच्या तलावावर जाऊ. औंधच्या यमाईच्या डोंगरावर उभं राहिलं की खटावचा सगळा मुलूख उघडाबोडका समोर येतो. वर्षाचा पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास. अशा ठिकाणी येरळा नदी अडवून साठवलेल्या पाण्यावर माणसं, गुरं आणि पाखरं सगळ्यांचाच डोळा असतो. मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडी अशी या भागातली तळी एकत्र धरून २०२१ साली सरकारने पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केलं. छान झालं. पण पाखरं राजपत्र वाचून उतरत नाहीत, पाणी बघून उतरतात. म्हणून माझा हट्ट असा की वहीत तारीख आणि वेळ लिहिली की लगेच पाण्याची पातळी लिहायची. पक्ष्यांची नावं त्यानंतर.

असं का, ते बघा. पावसाळा चांगला झाला तर दिवाळीच्या सुमारास तलाव तुडुंब असतो. तेव्हा राज्य बुडी मारणाऱ्यांचं : वारकरी, टिबुकल्या, पाणकावळे. काठाला चिखलच नसल्यामुळे शेकाटे आणि तुतवार यांना तिथे काही काम नसतं. पुढे शेतीला पाणी सुटतं, पातळी उतरते आणि काठाशी ओल्या गाळाची पट्टी उघडी पडते. मग चोचीने गाळ उकरणाऱ्यांची गर्दी होते. उन्हाळा लागता लागता पाणी आणखी पसरट, उथळ झालं की रोहित येतात, म्हणजे आपले फ्लेमिंगो.

रोहित जवळून बघण्यासारखा असतो. मान खाली घालून तो चोच चक्क उलटी करतो, म्हणजे वरची चोच खाली. जाड जीभ भराभर मागेपुढे करून पाणी आत ओढतो आणि बाहेर ढकलतो. चोचीच्या कडेला बारीक पापुद्र्यांची चाळणी असते, तिच्यात किडे, शेवाळ, बारीकसारीक जीव अडकतात. हे सगळं उभ्याने करायचं, तर पाणी त्याच्या लांब पायांना पुरेल इतपतच हवं. रोहिताला पोहता येतं, पण खोल पाण्यात त्याची मान तळापर्यंत पोचत नाही.

आता एखाद्या वर्षी पाऊस जास्त झाला आणि मार्चमध्येही तलाव भरलेला राहिला, तर रोहित कमी दिसणार. बातमी मात्र ठरलेली : ‘रोहितांनी पाठ फिरवली’. प्रत्यक्षात ते दुसऱ्या एखाद्या उथळ तळ्यावर मजेत चरत असतील. ज्याच्या वहीत पाण्याची नोंद आहे, त्यालाच खरी घट कुठली आणि नुसतं स्थलांतर कुठलं याचा अंदाज बांधता येईल. बाकीच्यांनी उगाच गळा काढू नये.

पातळी मोजायला मोजपट्टी लागत नाही. बांधाच्या दगडी पिचिंगच्या किती रांगा उघड्या आहेत ते मोजा, किंवा एखादा ठरावीक खडक बुडाला आहे की वर आहे ते लिहा. दर वेळी त्याच जागेवरून, त्याच दिशेने एक फोटो काढा. काठावर ज्यांची शेतं आहेत त्यांना विचारलंत तर ते तारखेसकट सांगतील, कारण मोटारीचा पाइप पुढे कधी सरकवावा लागला हे त्यांच्या पक्कं लक्षात असतं.

वेळेचंही तसंच. जानेवारीच्या मध्याला इथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. तुम्ही त्याआधी अर्धा तास पोचायला हवं. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस बरेचदा रात्री शेतात चरतात आणि उजाडताना पाण्यावर परततात. करकोच्यांचं नेमकं उलट : रात्र उथळ पाण्यात उभ्याने काढायची आणि उन्हं आली की शेतात जायचं. हे दोन्ही थवे तळ्यावर असतील, तर साडेसहाची यादी आणि नऊची यादी एकाच सकाळची आहे हे पटणार नाही. म्हणून सुरुवातीची वेळ लिहा आणि संपल्याचीही. एखाद्या हंसाच्या मानेत रंगीत पट्टा दिसला तर त्याचा रंग आणि त्यावरची अक्षरं टिपून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. मंगोलियात असे पट्टे घातलेले हंस भारतात पाहिले गेले आहेत.

संख्या लिहिताना ‘भरपूर’ हा शब्द वहीतून हद्दपार करा. थव्यातले दहा मोजा, ते दहा डोळ्यांत किती जागा घेतात ते बघा आणि तेवढे तुकडे पाडत पुढे जा. दोनशे ते अडीचशे असा अंदाज चालतो. टिटवी आणि बगळे रोजचेच म्हणून वगळू नका. दुर्मीळ पाखराची बोंब कुणीही ठोकतो, कमी होत चाललेल्या नेहमीच्या पाखराचा पत्ता फक्त यादीतून लागतो. ओळख पटली नाही तर पायांचा रंग, चोचीची लांबी, उडताना पंखावर दिसलेला पट्टा एवढंच लिहा.

आवाज मोबाइलवरही बरा टिपता येतो. ऊन चढलं की वारा सुटतो आणि मग माळावरचा चंडोल ऐकू येण्याऐवजी नुसती घरघर ऐकू येते, म्हणून हे काम पहिल्या तासातच उरका. वाऱ्याकडे पाठ करा, फोन हलवू नका आणि शेवटी स्वतःच्या आवाजात तारीख, वेळ, जागा बोला. घरी आल्यावर दहा फायलींतली कुठली येरळवाडीची, हा घोळ राहत नाही. टिपलेला आवाज तिथेच वाजवून पाखराला जवळ बोलावणं मात्र नको, विशेषतः विणीच्या दिवसांत.

पाखरांच्या नोंदी ठेवणं काही आजचं नाही. १८७८ साली डेव्हिडसन आणि वेंडन या दोघांनी दख्खनच्या पक्ष्यांवरचा लेख ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये छापला. पहिला सनदी अधिकारी, दुसरा रेल्वेचा इंजिनिअर. नियतकालिकाचे संपादक ह्यूम, पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच. त्या काळी पाखरू बंदुकीने टिपून हातात घेतल्याशिवाय नोंद पक्की मानत नसत. आज ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकली की झालं, फक्त पूर्ण यादी टाका. पाण्याची पातळी लिहायला तिथे वेगळा रकाना नाही. ती शेऱ्यात लिहा.

जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना असते, १९८७ पासून दरवर्षी. तिच्यात भाग घ्यायचा तर चिखलातले पक्षी ओळखता यायला हवेत, आणि नवशिक्याची दांडी नेमकी तिथेच उडते. पुढच्या भागात तुतवार, शेकाटे आणि त्यांचे पाय.