शनीवरील वादळे आणि हौशी छायाचित्रकार

आपल्याकडे शनीची ओळख आकाश पाहून होत नाही, ती साडेसातीच्या धास्तीतून होते. शनीला सूर्याभोवती एक प्रदक्षिणा पूर्ण करण्यास सुमारे २९.५ वर्षे लागतात. ही प्रदक्षिणा बारा राशींत विभागली, की एका राशीच्या वाट्याला साधारण अडीच वर्षे येतात आणि तीन राशींची साडेसात होतात. ज्या शब्दाने विवाह लांबणीवर पडतात आणि गरिबाची मिळकत पूजाअर्चेत खर्ची पडते, त्याच्या मुळाशी एवढाच हिशेब आहे. ग्रहगोलांवरून भाकिते सांगून उपजीविका करणे बुद्धांनी त्याज्य मानले, असे ब्रह्मजाल सुत्तात आढळते. परंतु भय टाकून दिल्यानंतर त्या ग्रहाकडे पाहावयाचे कसे, हा प्रश्न उरतोच. जगभरच्या हौशी छायाचित्रकारांनी त्याचे जे उत्तर दिले, त्याची ही ओळख.

शनीला पाय टेकता येईल असा पृष्ठभाग नाही. तो मुख्यतः हायड्रोजन व हेलियम या वायूंचा गोल असून फिकट पिवळ्या धुक्याने वेढलेला आहे. एरवी शांत भासणाऱ्या या गोलावर काही दशकांनी एखादा प्रचंड पांढरा डाग उमटतो. हेच त्याचे महावादळ. अशी वादळे १८७६, १९०३, १९३३, १९६०, १९९० आणि २०१० साली दिसली. १८७६ची नोंद असाफ हॉल या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाची आहे. १९३३चे वादळ मात्र ३ ऑगस्ट रोजी विल हे यांना लंडनमधील स्वतःच्या सहा इंची दुर्बिणीतून दिसले. हे गृहस्थ रंगभूमीवर व चित्रपटांत विनोदी भूमिका करणारे नट होते.

ही वादळे इतक्या अंतराने का येतात? पृथ्वीवर पाण्याची वाफ हवेपेक्षा हलकी असते, म्हणून दमट हवा सहज वर चढते. शनीवर हायड्रोजन व हेलियम यांच्या तुलनेत तीच वाफ जड ठरते. एका वादळात पाऊस पडून गेला, की वरचा कोरडा व हलका थर खालच्या दमट थरावर झाकणासारखा बसतो. तो थंड होत होत जड होण्यास अनेक दशके लागतात. मग झाकण सुटते आणि खालची वाफ उसळून वर येते. कॅलिफोर्नियातील दोन संशोधकांनी २०१५ साली हे स्पष्टीकरण मांडले.

शनी आपल्या सर्वांत जवळ असतानाही सुमारे १२० कोटी किलोमीटर दूर असतो. त्याच्या गोलाचा व्यास चंद्रबिंबाच्या सुमारे शंभराव्या भागाएवढाच भासतो. त्यातच आपले वातावरण, उन्हात तापलेल्या डांबरी रस्त्यावरील हवेप्रमाणे, प्रतिमा सतत थरथरविते. म्हणून हौशी निरीक्षक एकाच छायाचित्रावर विसंबत नाही. दुर्बिणीला छोटा कॅमेरा जोडून तो काही मिनिटांचे चित्रीकरण करतो. त्यातील हजारो चित्रांतून, हवा क्षणभर स्थिरावली असताना टिपलेली चित्रे संगणक निवडतो, ती एकावर एक बसवितो आणि पुसट तपशील उठावदार करतो. त्यासाठी लागणारी संगणकप्रणाली विनामूल्य मिळते. शनी साधारण साडेदहा तासांत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे चित्रीकरण फार लांबविले तर डाग सरकतो. चित्रासोबत तारीख व वेळ अचूक लिहावी लागते, कारण तिच्यावरूनच वादळाचे स्थान आणि वेग काढता येतो.

कॅसिनी हे यान २००४ ते २०१७ या काळात शनीभोवती फिरत होते. तेथील विजांचे रेडिओ संकेत त्याला मिळत, पण त्याचा कॅमेरा दर वेळी वादळाकडे वळलेला नसे. ५ डिसेंबर २०१० रोजी असे संकेत मिळू लागले आणि हौशी छायाचित्रांतून तो डाग दिवसेंदिवस वाढताना दिसला. सुमारे दोन महिन्यांत वादळाने ग्रहाला वेढा घातला. ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल या खाणींच्या गावातील एक निवृत्त खाणकामगार घरच्या दुर्बिणीतून वादळांची स्थाने कॅसिनीच्या शास्त्रज्ञांना कळवीत असे. यानाचा शेवट झाल्यानंतर, २०१८ साली, शनीच्या उत्तर भागातील वादळांची मालिका ब्राझीलमधील एका हौशी निरीक्षकाच्या प्रथम लक्षात आली.

इतिहासाच्या अभ्यासकाला यात एक ओळखीची गोष्ट दिसते. ज्याची नोंद नाही, त्याचा पुरावा उरत नाही, आणि लेखणी धरण्याचा अधिकार ज्यांना शतकानुशतके नाकारला गेला, त्यांची आपण लेकरे आहोत. शनीवरील वादळाची नोंद स्वीकारताना जात वा हुद्दा विचारला जात नाही. चित्र स्पष्ट आहे काय आणि वेळ बरोबर आहे काय, एवढेच तपासले जाते. वादळे टिपणारी दुर्बीण महाग असते, हे खरे. परंतु शनीची कडी पन्नासपट मोठे दाखविणाऱ्या लहान दुर्बिणीतूनही दिसतात. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला अशी एक दुर्बीण दिली, तर वसतिगृहाच्या गच्चीवरून मुले शनी पाहतील आणि वहीत तारीख-वेळ घालून त्याचे चित्र काढतील. सुटीत घरी गेल्यावर साडेसातीचा हिशेब आईवडिलांना तीच समजावून सांगतील.